मालकांच्या केबिनमधला डेमो
पन्नाशीला टेकलेल्या माणसाने कुणाला काही शिकवायला जाऊ नये. मी गेलो. माझी नोकरी एका लहानशा सॉफ्टवेअर कंपनीत, आणि निघोज्याच्या एका कारखान्याच्या स्टोअरसाठी आम्ही माल आत घेण्याचा प्रोग्रॅम करत होतो. आमची पद्धत अशी की सगळं एकदम बनवून गिऱ्हाइकाच्या अंगावर टाकायचं नाही. दर पंधरा दिवसांनी थोडं दाखवायचं, त्याने चुका काढायच्या, आपण सुधारायच्या. पटलं की त्याने सही करायची. हे गिऱ्हाइकाला समजावण्याचं काम माझ्याकडे, कारण टीममध्ये पांढरे केस फक्त माझे.

चुका काढायला मालकांनी त्यांच्या स्टोअरकीपरला नेमलं. तिथल्याच गावचा, माझ्याहून थोडा मोठा, स्टोअर सांभाळण्यात जन्म गेलेला. मी त्याला तासभर शिकवलं. शेवटी म्हणालो, "भाऊ, तुम्ही आता आमच्या टीमचे. बिनधास्त नावं ठेवा."

"व्हय," तो म्हणाला.

डेमो मालकांच्या केबिनमध्ये व्हायचे. एसी तिथे, मोठी स्क्रीन तिथे, चहाबरोबर बिस्किटंही तिथेच. मी दाखवायचो, मालक त्याच्याकडे बघायचे, तो म्हणायचा, "झ्याक हाय." की त्याची सही. सहा डेमो, सहा वेळा झ्याक. पिंपळे सौदागरला घरी येऊन मी बायकोला सांगायचो, असं गिऱ्हाईक नशिबाने मिळतं.

ती म्हणाली, "माझ्या माहेरी खारट आमटी तुम्ही तीनदा मागून घेता. आई अजून समजते, जावयांना आवडते."

मी हसलो. मला वाटलं, विषय आमटीचा आहे.

प्रोग्रॅम सुरू झाला त्या सोमवारी अकरापर्यंत ट्रकांची रांग गेटबाहेर रस्त्यावर गेली. आमचा प्रोग्रॅम म्हणत होता, आधी मालाची तपासणी, मग नोंद, मग गाडी खाली. तिथली रीत उलटी: गाडी आधी खाली करायची, ड्रायव्हरला मोकळं करायचं, तपासणी सावकाश दुपारी.

मालकांनी सहाही सह्या टेबलावर मांडल्या. स्टोअरकीपर जमिनीकडे बघत उभा होता. मालक माझ्याकडे वळले. "सर, हे सगळं याला दाखवलं होतं ना?"

"दाखवलं होतं," मी म्हणालो.

ते खरंच होतं. मला काही वाटलं नाही. चहा आला, तो प्यालो. बिस्कीटही खाल्लं.

त्याला स्टोअरमधून काढून गेटवर बसवलं.

पुढच्या खेपेला माझी बॅग त्यानेच तपासली. मी विचारलं, "भाऊ, तुम्हाला आधीच कळलं होतं?"

"पयल्याच दिशी."

"मग बोलला का नाहीत?"

"साहेब, तुमी पाव्हणे. मालकाम्होरं पाव्हण्याच्या कामाला वंगाळ म्हनायचं? आन् मालकाला वाटलं असतं, ह्याला नवीन कायच नको." त्याने बॅगेची चेन लावून दिली. "तकडं स्टोरात येऊन इचारलं असतं, तर तवाच सांगितलं असतं की."

मग त्याने बोटांवर मोजत चार चुका सांगितल्या. मी गेटपासच्या पाठीवर लिहून घेतल्या. एवढ्या वर्षांत कुणी माझा इतका चांगला क्लास घेतला नव्हता.

केबिनमध्ये मी त्या वाचून दाखवल्या. मालक खूश. "कुठून काढलंत हे?"

"तुमच्या गेटवरच्या माणसाने सांगितलं."

"मग तेव्हा तोंडाला कुलूप होतं का त्याच्या?"

"मी त्याला तुमच्यासमोर विचारलं. स्टोअरमध्ये जाऊन विचारायला हवं होतं. चूक माझी आहे, त्याला परत घ्या."

हे बोलताना छाती धडधडेल अशी माझी समजूत होती. काही झालं नाही. लाइट बिल भरायचंय म्हणून सांगावं, तसं सांगून झालं.

"बघू," मालक म्हणाले, आणि त्यांचा फोन वाजला.

चारही दुरुस्त्या झाल्या. पुढचा डेमो मी स्टोअरमध्येच दिला, उभ्याने, पेट्यांच्या मधे. नव्या स्टोअरकीपरने तिथल्या तिथे दोन चुका काढल्या. "बघू"चं मात्र पुढे काही झालं नाही. मीही पुन्हा विचारलं नाही.

बाहेर पडताना गेटवर त्याने विचारलं, "चालतंय का आता?"

"चालतंय."

त्याने मान हलवली. मागून ट्रक येत होता. त्याने मला हाताने बाजूला सारलं आणि ट्रकला आत घेतलं.