गोणपाटातले शंभर दाणे

आमच्याकडे बियाणं काका ठरवतात. यंदा मेअखेरीस ते डोणगावच्या दुकानातून बियाण्याची पिशवी घेऊन आले आणि बसल्याबसल्या म्हणाले, "घरचं सोयाबीन इकून टाका. सगळे पिशव्याच आणून राह्यले."

घरचं म्हणजे आईने राखलेलं. सोयाबीनची साल नाजूक असते, पोतं आपटलं की दाणा आतून मरतो. म्हणून हमालांशी भांडून आईने ती पोती हळू उतरवून घेतली होती, एकावर एक रचू दिली नव्हती. तिला कुणी विचारलं नाही. बाबांनी होकारार्थी मान डोलावली.

मी घरात फार बोलत नाही. बोलले की माझ्या मराठीला हसतात. तरी मी म्हणाले, "आधी उगवण तपासू."

"घ्या! इंग्लिश मिडियम आता आमाले पेरनी शिकवन," काका हसले. "उगवलं नाही त दुबार पेरनी तू करशीन काय वं?"

"म्हणूनच तपासायचं."

प्रत्येक पोत्यातून मूठभर काढून मी शंभर दाणे मोजले. आई टपोरे निवडायला लागली. मी तिचा हात धरला. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळी लावून गुंडाळी केली आणि सावलीत ठेवली. पाणी आईच शिंपडायची.

सहाव्या दिवशी काकांसमोरच गुंडाळी उघडली. सत्तर उगवले तर बियाणं चांगलं, हे त्यांनाही माहीत होतं. मी दोनदा मोजले. अडुसष्ट.

"ते तीन धर ना," बाबा हळूच म्हणाले. तीन दाण्यांना वाकडे, अर्धवट कोंब होते.

"ते शेतात जगणार नाहीत. अडुसष्टच."

"झालं! नापास!" काका उठले.

आईने मान खाली घातली. मी म्हणाले, "नापास नाही. दोनच कमी आहेत. एकरी किलो-दीड किलो जास्त पेरू. आणि तुमच्या पिशवीतलेही शंभर द्या, तेही असेच मोजते."

"दुकानाच्या मालाची परीक्षा घेतं तू? लोकं हासतीन."

"हसू द्या. मला सवय आहे."

काकांनी पिशवी दिली नाही. बाबांकडे बघून म्हणाले, "पोरीचं आयकून पेरनार हायेस काय?"

बाबा गोणपाटापाशी खाली बसले. मग काकांना उत्तर न देता त्यांनी मला विचारलं, "दीड किलोनं भागन ना? का दोन धरू?"