कंपनीची पलटण आणि सामानगडची माणसं

पलटण काश्मीरला निघायच्या आदल्या दिवशी आमचा रेझिंग डे होता, म्हणजे पलटण उभी राहिली तो दिवस. सकाळी परेड, दुपारी बडा खाना. जेवणाआधी सगळे सावधान उभे राहतात आणि सुभेदार मेजर साहेब पलटणीच्या शहिदांची नावं वाचतात. मी तेव्हा हवालदार होतो. आता कोल्हापुरात असतो. सकाळी रंकाळ्यावर फिरायला जातो आणि भेटेल त्याला पलटणीच्या गोष्टी ऐकवतो. बायको म्हणते, "लोकं तुमास्नी बघून रस्ता बदलाय लागल्यात."

आमची पलटण ईस्ट इंडिया कंपनीनं उभी केलेली. व्यापाऱ्याला फौज कशाला लागते, हे नव्या पोरांना कळायचं नाही. म्हणून रेझिंग डेच्या सकाळी इतिहासाचा तास असायचा आणि तो हवालदार सिकंदर मुल्ला घ्यायचा. सामानगडाच्या पायथ्याचा, गडहिंग्लजकडचा गडी. उंचीनं बेताचा, पण आवाज मैदानभर. माझा त्याच्यावर सख्ख्या भावापेक्षा जास्त जीव होता.

"समजा," सिकंदर सांगायचा, "आमच्या गडहिंग्लजच्या बाजारात एक गुळाचा व्यापारी हाय. त्याला त्याच्या राजानं सनद दिली. गूळ घे. तोफा ठेव, शिपाई ठेव. कुणी आडवं आलं तर लढाई कर, तह कर, गाव ताब्यात घे. आता सांगा, त्यो गुळाचा भाव करत बसंल का?"

पोरं हसायची. मग तो सामानगडावर यायचा. गडकरी पिढ्यान्‌पिढ्या गड राखत होते. कंपनीनं कोल्हापूरच्या कारभारात हात घातला आणि त्यांचे हक्क काढून घेतले. गडकऱ्यांनी दरवाजे लावले. कंपनीनं तोफा आणून गड घेतला. त्या फौजेत आमच्या पलटणीचे शिपाई होते.

"आणि ह्यो हवालदार बाळू," तो माझ्याकडं बोट दाखवायचा. "ह्याचा खापरपणजा खाली कंपनीच्या फौजेत. माझा वर गडावर गोलंदाज. माझ्या खापरपणजाचा नेम चुकला म्हणून ह्यो हितं बसलाय."

तास संपला की तो सुभेदार मेजर साहेबांकडं जायचा. दरवर्षी. त्या दिवशी मीही बरोबर होतो.

"साहेब, नावं वाचून झाली की गडावर पडलेल्यांसाठी बी पलटण उभी ऱ्हावी."

"त्यांनी आपल्या पलटणीवर गोळ्या झाडल्या, सिकंदर."

"सोताच्या दारात उभं ऱ्हाऊन झाडल्या, साहेब."

"असं आजवर झालेलं नाही."

"मग पुढच्या साली इचारतो."

"विचार," साहेब म्हणाले. साहेब फार कडक माणूस, पण सिकंदरशी बोलताना त्यांच्या मिशीत हसू असायचं.

काश्मीरात वर पोस्टवर दिवस ठरलेले असत. पहाटे स्टँड टू, म्हणजे हत्यार घेऊन मोर्चावर सज्ज, मग चहा, गस्त, बंकरची डागडुजी. एका सकाळी चहा चालू असतानाच समोरून मॉर्टरचे गोळे सुरू झाले. सिकंदरचं सेक्शन, म्हणजे त्याची तुकडी, पुढच्या बंकरमध्ये होतं. मी मागं रेडिओ सेटवर.

"अल्फा वन, रिपोर्ट. ओव्हर."

"एक जखमी. मांडीत. ओव्हर."

"थांबा. कव्हर फायर देतो. ओव्हर."

"रक्त लय चाललंय. थांबता येत न्हाय. घेऊन येतो. ओव्हर."

"सिकंदर, थांब की जरा!"

"सेटवर नाव घेऊ नगंस, बाळू. आऊट."

स्वतः माझं नाव घेऊन मला शिस्त शिकवत होता. त्याचे ते शेवटचे शब्द. जखमीला पाठीवर घेऊन तो उघड्या उतारावरून आला. आमच्या खंदकाशी पोचला, जखमीला माझ्या हातात दिलं, आणि मागं गोळा पडला. गोळ्याची कपची त्याच्या मानेत शिरली. डॉक्टर साहेब धावत आले तोवर तो गेला होता. ज्याला त्यानं आणलं तो आज कुरुंदवाडला शेती करतो. जरा लंगडतो, पण ठणठणीत आहे.

पुढचा रेझिंग डे आम्ही खालच्या कॅम्पात, पत्र्याच्या शेडमध्ये केला. इतिहासाचा तास झाला नाही. दुपारी साहेबांनी नावं वाचली. शेवटचं नाव हवालदार सिकंदर मुल्ला. मग विश्राम. आम्ही जेवणाकडं वळलो.

"पलटण, सावधान!"

आम्ही जागच्या जागी ताठ झालो. साहेबांनी हातातला कागद खिशात ठेवला होता.

"सामानगडावर पडलेले गडकरी," ते म्हणाले.

सगळी पलटण उभी राहिली. पोरांना सिकंदरचा तास आठवत होता, त्यामुळं काही समजावून सांगावं लागलं नाही. माझे डोळे भरून आले होते आणि सावधानमध्ये ते पुसता येत नाहीत.

बड्या खान्याला मी साहेबांच्या शेजारी बसलो. त्यांनी ताटाला हात लावला नव्हता.

"साहेब, जेवा," मी म्हणालो.

"सकाळपासून वाट बघत होतो रे," ते म्हणाले. "विचारायला आलाच नाही."