परातीतल्या गोळ्या

मला राग लवकर येत नाही. मला भीती वाटते. परक्या मुलखात आलेल्या, आठवीत शाळा सोडलेल्या बाईला रागावून चालत नाही. घरमालक, सुपरवायझर, गाडीवाला, सगळ्यांशी गोड बोलावं लागतं. माझं माहेर-सासर दोन्ही जालन्याच्या बाजूला. नवऱ्याला उंबरगावच्या एका कारखान्यात काम लागलं म्हणून आम्ही वेवजीला आलो. महाराष्ट्रात राहायचं आणि हद्द ओलांडून गुजरातेत कामाला जायचं, असं इथे पुष्कळांचं चालतं. आलो तेव्हा आम्हाला कुत्रं ओळखत नव्हतं. इथल्या ख्रिस्ती मंडळीच्या पाळकांनी खोली मिळवून दिली, शेगडी दिली. नवऱ्याला टायफॉइड झाला तेव्हा ते रोज येऊन त्याच्या उशाशी बसले. हे उपकार मी विसरलेले नाही. म्हणूनच गेल्या हिवाळ्यात त्यांचा जो राग आला, तो अजून पोटात मावत नाही. ज्याने आधार दिला त्याच्यावर रागवायचं कसं, हे मला कुणी शिकवलेलं नाही.

मीही हद्दीपलीकडे कारखान्यात लागले; तिथे माझ्यासोबत पॅकिंगला जवळच्या आदिवासी पाड्यावरची एक पोरगी होती. पोरगी म्हणायची, पण लग्न झालेली. नवरा धाकट्या डहाणूच्या बोटीवर खलाशी, महिन्यातले बरेच दिवस समुद्रात. त्यामुळे ती आईजवळ राहायची. तिला सिकलसेल होता. रक्तातल्या गोल पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि शिरांमध्ये अडकतात, मग हाडं फुटल्यासारखी दुखतात, असं सरकारी दवाखान्याच्या सिस्टरने पाड्यावर येऊन चित्र दाखवून सांगितलं होतं. रोज गोळी घ्यायची, पाणी भरपूर प्यायचं, थंडी अंगावर घ्यायची नाही. एवढं केलं की ती आमच्यापेक्षा जास्त खोकी भरायची आणि वर गाणी म्हणायची.

माझ्या सोबतीने ती मंडळीत यायला लागली, आणि एके दिवशी म्हणाली की मला बाप्तिस्मा घ्यायचा आहे.

इथली एक रीत आम्हा जालन्याच्या माणसांना नवी होती. बाप्तिस्म्यासाठी ओढ्यावर जाण्याआधी सभागृहात पुढे एक परात ठेवतात. भगताने मंत्रून बांधलेले दोरे, ताईत, कमरेचा करदोटा, जे काही अंगावर असेल ते कात्रीने कापून त्या परातीत टाकायचं. आम्ही पणज्यापासूनचे ख्रिस्ती, आमच्या अंगावर कापायला काही उरलंच नव्हतं. पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मला रडू आलं होतं. दोरा कापला की माणूस नुसता मनगट चोळत उभा राहतो. दोऱ्याखालची कातडी जरा उजळ दिसते.

तिच्या बाप्तिस्म्याच्या रविवारी मला ओव्हरटाइम होता. संध्याकाळी मंडळीच्या ग्रुपवर व्हिडिओ आला. ती पुढे आली, दंडाचा दोरा कापला, परातीत टाकला. मग पिशवीत हात घालून तिने गोळ्यांच्या पट्ट्या काढल्या आणि त्याही परातीत ठेवल्या. पाळक क्षणभर थांबले. तो क्षण मी व्हिडिओ थांबवून थांबवून पाहिला आहे. तेवढ्यात ते म्हणू शकले असते, "बाय, हे परत पिशवीत ठेव." त्यांनी पट्टी उचलून सगळ्यांना दाखवली. टाळ्या वाजल्या.

मी तशीच पाड्यावर गेले.

"हे काय केलंस?"

"विश्वासाची साक्ष दिली, मावशी."

"अगं, गोळ्या कशाला दिल्यास?"

"दोरा दिला ना? तो पण दुखू नये म्हणूनच बांधलेला. गोळी पण दुखू नये म्हणूनच. एक द्यायची आणि एक लपवून ठेवायची? देवाला काय दिसत नाय?"

चुलीपुढून तिची आई म्हणाली, "दोरा भगताचा, गोळी सरकारची. सरकार काय भूत हाय?"

"आये, तू गप. तुला नाय कळायचं."

"माना नाय कळत. तुला लय कळतं. दुखायला लागलं का मंग माझ्याच नावानं बोंबल."

आई मंडळीत येत नव्हती. तिचा देव वेगळा, तिचा भगत वेगळा. पण त्या घरात त्या दिवशी शहाणं बोलणारी ती एकटीच होती. मी पुष्कळ समजावलं. पोरगी हसत राहिली. तिच्या मनात खोट नव्हती, आणि खोट नसलेल्या माणसाशी वाद घालता येत नाही. अर्धवट काही द्यायचं नाही, हे तिने मंडळीतच ऐकलं होतं आणि खरं मानलं होतं.

थंडी पडली. सकाळी आम्ही इको गाडीत कामाला निघालो होतो. हद्दीच्या अलीकडेच ती माझ्या मांडीवर वाकली आणि तोंडात ओढणी कोंबून कण्हायला लागली. गाडीवाल्याने काही न विचारता गाडी तलासरीकडे फिरवली. तिथून अँब्युलन्सने डहाणूला. वाटेत ती माझा हात इतका आवळत होती की बोटं बधिर झाली. मी प्रार्थना करत होते आणि त्याच दमात मनात शिव्याही देत होते. कुणाला, ते मी देवापासूनही लपवत होते.

डॉक्टर पोरसवदा होते. त्यांनी सलाईन लावलं, रक्ताची सोय केली आणि विचारलं, "गोळ्या कधीपासून बंद?"

"संपल्या होत्या," ती म्हणाली.

खोटं कधी न बोलणारी पोरगी, ती मंडळीचं नाव राखायला खोटं बोलली. तिथे माझी भीती संपली आणि राग सुरू झाला.

दुसऱ्या दिवशी तिची आई नागलीची भाकर आणि सुक्या मासळीची चटणी घेऊन आली. तिच्या पाठोपाठ पाळक आले, हातात चिकूची पिशवी. आईने त्यांच्याकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"या. बसा. एक इचारू?"

"विचारा ना, आई."

"आमचा भगत कोंबडा मागतो. कधी नारळ मागतो. गोळी नाय मागत. तुमाला गोळ्या कशाला लागल्या?"

शेजारच्या खाटेवरची बाई तोंडाला पदर लावून हसली. पाळकांनी मान खाली घातली. मग त्यांनी पोरीच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली. प्रार्थना चांगली होती, मीही आमेन म्हटलं. पण उठता उठता ते म्हणाले, "बेटा, मनात कुठेतरी शंका आली असेल. क्षमा माग, म्हणजे तो पुन्हा हात धरेल."

ती रडायला लागली. सुईचा हात पांघरुणाखाली लपवून रडत होती, जणू सलाईन हाच तिच्या शंकेचा पुरावा.

मी त्यांना बाहेर व्हरांड्यात बोलावलं. त्यांना वाटलं मी आभार मानणार. तेच आधी म्हणाले, "ताई, हे ग्रुपवर टाकू नका. माणसं नवी आहेत, विश्वास कोवळा आहे."

"तो व्हिडिओ आहे तसाच ठेवायचा?"

"ती तिची साक्ष आहे."

"आणि आतली ही कुणाची साक्ष?"

ते म्हणाले, "मी तिला गोळी सोड म्हटलं नव्हतं."

ते खरं होतं. त्यांनी म्हटलं नव्हतं. त्यांनी परात पुढे धरली होती. मला या खरेपणाचाच सगळ्यात जास्त राग आला. मी म्हटलं, "पास्टर, तुम्ही आमच्या घरी जेवलात की शुगरची गोळी घेता. मीच पाणी देते. तेव्हा तुमचा विश्वास कोवळा होतो का?"

"ताई, आवाज."

"तुमची गोळी ती गोळी आणि तिची गोळी तो दोरा? तिच्या दुखण्यावर टाळ्या घेतल्या, ते फोनवर गावोगाव फिरवलं, आणि ती पडली की शंका तिची? देवाची अब्रू राखायला ती मरायची का?"

खोली जाईल, नवऱ्याला बोल लागेल, हे सगळं बोलता बोलता डोक्यात येत होतं, तरी तोंड थांबेना. ते तसेच पायऱ्या उतरून गेले. व्हिडिओ अजून ग्रुपवर आहे.

आमच्याकडे जालन्याला देऊळ, म्हणजे आमचं चर्च, आणि मिशनचा दवाखाना एकाच कंपाउंडात होते. माझ्या जन्माच्या वेळी आईचं रक्त थांबत नव्हतं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी डोळे मिटून चार शब्द देवाला सांगितले, हात धुतले, हातमोजे घातले आणि मला बाहेर काढलं. ही गोष्ट आमच्या घरात कौतुकाने सांगतात. त्या चार शब्दांत आणि त्या हातमोज्यांत भांडण आहे, असं कुणालाच वाटलं नाही. मी शिकलेली नाही. पण बरं होणं हे देवाच्या प्रेमाचं माप असेल, तर आमच्या मंडळीतली निम्मी माणसं त्याची नावडती ठरतात, आणि सगळ्यात आधी ही पोरगी, जिने हातचं काही राखलं नाही. असा देव मला नको. मला माहीत असलेला देव तिच्या त्या वाकड्या पेशींसकट तिला ओळखतो. तिने गोळी घेतली म्हणून त्याला धक्का बसत नाही.

हे सगळं तिला सांगावं म्हणून मी आत गेले. सिस्टर गोळी देऊन गेली होती. ती उघड्या तळहातावर गोळी घेऊन बसली होती. आई पाण्याचा पेला धरून उभी.

"मावशी, घेतली तर तो मला सोडेल का?"

माझ्या तोंडात अजून व्हरांड्यात बोललेलंच येत होतं.

"तू प्रार्थना कर, मग घेते," ती म्हणाली.

मी डोळे मिटले. एरवी मी गाडीत, भाकरी थापताना, कुठेही प्रार्थना करते. त्या दिवशी एक शब्द आला नाही.

शेवटी तिनेच हात जोडले. गोळी दोन तळव्यांच्या मध्ये होती.

"बापा, मी गोळी घेते. माना लय दुखतं. तू रागवू नको. आमेन."

आणि तिने ती गिळली. आई म्हणाली, "अजून पाणी पी. सगळं पी."

आमेन मीही म्हटलं, पण जरा उशिराने. त्याआधी मनात एवढंच म्हणून घेतलं, की रागवू नको असं या पोरीला तुझ्यापुढे म्हणावं लागलं, बापा, ही वेळ तिच्यावर कुणी आणली ते तू बघ. मला अजून क्षमा करता येत नाही.