गाडीवानाची ओंजळ

गडमुडशिंगीच्या भूपालआण्णांनी तीस वर्षं शिरोली एमआयडीसीतल्या फौंड्रीत माल तपासला. कास्टिंगला टाचणीएवढं भोक दिसलं की माल माघारी, तिथं कुणाची भीडभाड नाही. आता त्याच माणसाची स्वतःची कादंबरी दोनदा माघारी यावी, याला काय म्हणायचं?

कादंबरीही साधीसुधी नव्हती. सव्वाशे वर्षांपूर्वी कोल्हापुरात एखादी अनोळखी साथ आली असती, शहर ओस पडलं असतं आणि राजधानी परत पन्हाळ्यावर गेली असती, तर पुढं काय झालं असतं? सहा वर्षं आण्णा यात बुडाले होते. प्रकाशकाला सगळं आवडलं, फक्त साथ खरी वाटेना. तो म्हणाला, एखाद्या डॉक्टरला पटू दे, मग छापू. त्याचंही बरोबरच होतं. साथ पटली नाही तर राजधानी हलणार कशाला?

डॉक्टर म्हणजे रुद्रेश. सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले, आण्णांचे जुने दोस्त आणि तोंडाचे फटकळ. पहिल्या खेपेला ते म्हणाले, "आण्णा, तुमचा माणूस दुपारी आजारी पडतोय आणि दिवस मावळायला मरतोय. मग रोग शाहूवाडीला नेतंय कोण?" आण्णांनी निमूट रोगाला सहा दिवस मुरायला दिले. तो पाण्यातून पसरतो असं ठरवलं, नकाशावर एकेक पाणवठा मांडला. दुसऱ्या खेपेला डॉक्टरांनी नुसतं डोकं खाजवलं. "रोग झकास झालाय. पण पसरतोय असं वाटत न्हाय. का, ते मलाबी सांगता येईना."

आण्णांचं जेवणावरचं मन उडालं. "सोडून देतो आता," ते बायकोला, त्रिशलाबाईंना म्हणाले.

"सहा वर्षं माझं डोकं खाल्लंसा, आणि आता सोडता व्हय? जावा, परत विचारून या." त्यांनी पाण्याची बाटली पिशवीत टाकली आणि नवऱ्याला घराबाहेर काढलं.

डॉक्टरांच्या घरी पाण्याचा तांब्या पुढं आला. आण्णांनी तो नेहमीसारखा बाजूला सारला आणि आपली बाटली काढली. गाळून उकळलेलं पाणी. बाहेरचा थेंब त्यांनी जन्मात घेतला नव्हता, फौंड्रीच्या भट्टीपाशीसुद्धा नाही. डॉक्टर त्या बाटलीकडं बघतच राहिले. मग त्यांनी कादंबरीची वही ओढली, भराभरा पानं उलटली आणि हसत सुटले.

"आण्णा, सापडलं. हा तुमचा गाडीवान बघा. पाणवठ्यावर उतरतोय, फडक्यातनं पाणी गाळतोय, तीन दगडांची चूल मांडून उकळतोय, मग पितोय. पैलवान तसंच. दरोडेखोरबी तसंच की. वर सगळी दिवस मावळायच्या आत जेवत्यात. अख्ख्या कोल्हापूरला तुम्ही तुमच्यासारखं जैन करून ठेवलंय, मग रोग शिरणार कुठनं?"

आपण असं लिहिलंय हे आण्णांना खरंच ठाऊक नव्हतं. पाणी पिणं म्हणजे तेवढं सगळं आलंच, त्यात वेगळं काय? मग छातीवरचा धोंडा उतरल्यासारखं वाटलं. रोग धड होता, सहा वर्षं वाया गेली नव्हती. परतताना एसटीत ते एकटेच हसत होते.

"म्हणजे चाळीस वर्षं मी उकळलेल्या पाण्यानं तुमची साथ अडवली म्हणा की," घरी सगळं ऐकून त्रिशलाबाई म्हणाल्या आणि शेजारी येऊन बसल्या.

आण्णांनी लिहिलं, गाडीवान पाणवठ्यावर उतरला, ओंजळ भरली. तिथंच पेन थांबलं. भला माणूस होता बिचारा, सहा वर्षांत जीव जडला होता त्याच्यावर.

"पिऊ द्या आता," त्रिशलाबाई हळूच म्हणाल्या. आण्णांनी त्याला पाणी पिऊ दिलं.

वही परत डॉक्टरांकडं गेली. चार दिवसांनी सकाळी त्यांचा फोन आला. आण्णांनी लगेच विचारलं, "पटलं का?"

"ते सांगतो," डॉक्टर म्हणाले. "आधी मला सांगा, वहिनी पाणी किती वेळ उकळतात? सकाळधरनं नळाचं पाणी माझ्या घशाखाली उतरंना झालंय."

डोळे पुसत आण्णांनी फोन त्रिशलाबाईंकडं दिला.