“ये” म्हटल्यावर

सर्कशीच्या तंबूत सगळे तिला चिमणी म्हणत. तिशी उलटली तरी नाव बदललं नाही आणि भीतीही गेली नाही. झोक्यावरून उडून पोट भरणाऱ्या बाईला उंचीची भीती, म्हणजे माशाने पाण्याला घाबरण्यातलाच प्रकार! पण होतं खरं तसं.

लहानपणी तिने झोका शिकवणाऱ्या वस्तादांना हे रडतरडत सांगितलं, तेव्हा ते म्हणाले, “घाबर की! न घाबरणारे फार टिकत नाहीत.” मग त्यांनी एकच नियम शिकवला. समोरच्या झोक्यावर ते गुडघ्यांनी उलटे लटकणार, “ये” म्हणणार, आणि त्याच क्षणी तिने आपला दांडा सोडायचा. अंतर बघत बसायचं नाही. डोळे भित्रे असतात, कान नसतात. इतकी वर्षं ती त्या एका अक्षरावर जीव टाकत आली. सख्ख्या आईचंही तिने कधी इतकं ऐकलं नव्हतं.

झेलणाऱ्याची बोटं मनगटात रुततात. तिच्या दोन्ही मनगटांवर कायम निळे वळ असायचे. अलीकडे डावं मनगट तसंच निळं, उजव्यावर मात्र वळ उठेनासे झाले होते. वस्ताद उलटे लटकत, त्यामुळे तिचं उजवं मनगट त्यांच्याही उजव्याच हातात येई. याचा अर्थ कळायला फार अक्कल लागत नव्हती. पण ज्यांनी आपल्याला उडायला शिकवलं त्यांना “तुमच्या हातातला जोर गेला” असं म्हणायचं तरी कोणत्या तोंडाने? कुणाला फरक दिसू नये म्हणून ती लांब बाह्या घालू लागली आणि गप्प राहिली.

त्या दुपारी सरावाला मालक खाली खुर्ची टाकून बसले होते. नवी दुहेरी कोलांटी जमली तरच दोघांना पुढच्या हंगामात ठेवणार, असं त्यांनी सकाळीच सुनावलं होतं. खाली जाळी होती. पण कोलांटीतून एका हाताने निसटलेला माणूस जाळीवर कसा पडेल याचा नेम नसतो. मान आधी टेकली की खेळ खलास.

तळव्यांना कितीही भुकटी चोळली तरी घाम फुटतच होता. तिने झोका घेतला.

“ये!”

तिने दांडा सोडला नाही.

ती मागे गेली, पुन्हा पुढे आली. “ये!” आवाज नेहमीसारखाच खणखणीत. तिची बोटं उघडेनात. वस्तादांचा शब्द तिने आजवर मोडला नव्हता, त्यामुळे पडण्याइतकीच त्यांचीही धास्ती वाटत होती. तिसऱ्यांदा हाक आली तेव्हा तिने डोळे मिटले आणि दांडा आणखी आवळला. खाली मालक काहीबाही बडबडले आणि खुर्ची ढकलून निघून गेले.

दोघं खाली उतरली. आता आपली धडगत नाही, असं तिला वाटलं. पण वस्ताद शिडीच्या पायथ्याशी मटकन बसले. चेहरा पांढराफटक पडला होता.

“बरं झालं आली नाहीस,” ते म्हणाले. “तोंडाने ये म्हणत होतो, अन् मनात म्हणत होतो, येऊ नको गं पोरी.”

तिचा संताप उसळला. “मग बोलला का नाहीत, वस्ताद? नेहमीसारखी आले असते तर? मेले असते ना मी!”

खाली मान घालून त्यांनी विचारलं, “माझ्या हाताचं तुला ठाऊक होतं?”

“हो.”

“कधीपासून?”

“बरेच दिवस झाले.”

“मग तू तरी कुठे बोललीस?”

ती त्यांच्या शेजारी जमिनीवर बसली.