थांब, नमाज पढून येतो

आमच्या गल्लीत राबियाचाचीची पिठाची गिरणी होती. दिवसभर पट्ट्याच्या खडखडाटात बोलून तिचा आवाज असा चढलेला, की तिनं साधं "बाई, डबा हितं ठेवा" म्हटलं तरी नवख्याला वाटावं, भांडण जुंपलं. तसं ते जुंपायचंही. नंबरावरून कुणी अरेरावी केली, की चाची गिरणी बंद करून कंबर कसायची. पण भांडण ऐन रंगात असताना अजान आली, की हात वर करून म्हणायची, "थांब. नमाज पढून येतो, मग भांडू."

आम्ही थांबायचो. मागच्या मोरीवर वजू करून ती पडद्याआड जायची. परत यायची ती पापण्यांवरचं पीठ धुऊन, शांत चेहऱ्यानं, आणि भांडायचं सोडून समोरच्याचाच डबा आधी दळायला घ्यायची. मी शाळेत शिकवणारी, शंका काढायची खोड. एकदा विचारलं, "चाची, मागता तरी काय देवाकडं?"

"मागाय कुठं जातोय, बाई? डोस्कं भुईला टेकलं की हलकं हुतंय. तुमास्नी न्हाय कळायचं. तुमचं डोस्कं सदा ताठ!"

मला राग आला, कारण ते खरं होतं.

मग एका गळिताच्या हंगामात तिचा एकुलता एक अस्लम उसाच्या ट्रॅक्टरवरून पडून गेला. ट्रॅक्टर वळणावर दामटला होता त्याच्या दोस्तानं, आमच्याच गल्लीतल्या शांताक्काच्या तानाजीनं. मय्यतीच्या दिवशीही चाची रडली नाही. एवढंच म्हणाली, "शांती दारात दिसली तर तिचा डबा गटारीत वततो." शांताक्का डबा डोक्यावर घेऊन लांबच्या गिरणीत जाऊ लागली.

महिन्याभरानं एका रविवारी मी नंबर लावून बसले होते. शांताक्का आली, डबा कडेवर. म्हणाली, "राबिया, आणलाय डबा. वत गटारीत."

चाचीनं गिरणी बंद केली. आता काय होतंय या धास्तीनं मी उठून उभी राहिले.

"थांब," ती म्हणाली. "नमाज पढून येतो."

सकाळचे दहा वाजले होते. ना अजान झाली होती, ना ती अजानची वेळ होती. पडद्याखालून भुईला टेकलेलं तिचं कपाळ दिसत होतं. ते वर येईचना. मग हुंदके ऐकू आले, तिच्या त्या चढ्या आवाजातले. शांताक्का डबा घेऊन उभीच होती. खाली ठेव म्हणायचं मलाही सुचलं नाही.

चाची बाहेर आली. डोळे सुजलेले. तिनं शांताक्काच्या कडेवरचा डबा काढून घेतला, झाकण उघडलं आणि मूठभर जोंधळे तळहातावर पसरून पाहिले.

"खडं हाईत की गं लई," ती म्हणाली. "बस खाली. सूप आणतो. दोघी मिळून निवडू."