गिनी पिगच्या बारशाला आत्या आली

मंडळी, आज दुपारी हिंगोलीत आमच्या घरी गिनी पिगचं बारसं झालं. हसू नका, पूर्ण ऐका.

माझ्या लेकीनं, ओवीनं, मागच्या आठवड्यात हे पांढरं-तपकिरी पिल्लू आणलं. मादी आहे. कोथिंबीर दिसली की शिट्टीसारखी ओरडते. नावावरून घरात रोज भांडण. शेवटी ओवी म्हणाली, "ही माझी बहीण. मग नाव आत्यानंच ठेवायचं." आणि तिनं वसमतला माझ्या ताईला फोन लावला.

ताई येईल असं मला वाटलं नव्हतं. दहा वर्षांपूर्वी ओवीच्या बारशाला येताना ताईची बस वाटेत बंद पडली होती. मुहूर्त टळेल म्हणून आम्ही थांबलो नाही, नाव ठेवून मोकळे झालो. तेव्हापासून ताई माझ्याशी मोजकंच बोलते.

फोनवर ती एवढंच म्हणाली, "थांबा, मी येऊन राहिले."

आली ती लिंबाएवढं टोपडं शिवून घेऊन. पिल्लाला टोपलीत ठेवलं. ताईनं त्याच्या कानात कुर्रर्र केलं, तर तेही तसंच बोललं. मग तिनं नाव सांगितलं, रेवा. मी रिवाजाप्रमाणे ताईच्या पाठीत धपाटा घातला.

ओवीनं विचारलं, "इतकं गोड नाव मला काहून न्हाई ठेवलं?"

ताई म्हणाली, "तुझ्यासाठीच आणलं होतं, लेकरा. उशिरा पोचलं."

आणि माझ्याकडे बघून हसली.

तुमच्या घरात कुणाजवळ असं एखादं नाव राहून गेलंय का? आजच विचारा.